पाठीचं माप

कुपवाडच्या एमआयडीसीत, ट्रॉलीच्या फाळक्यांच्या ढिगाशेजारी
ताजुद्दीन मुजावरनं स्टीलचा पत्रा कापला
मी नेलेल्या पुठ्ठ्याच्या मापानं.
मधोमध लांब खोबण, वर-खाली भोकं,
भोकांत बरोबर अकरा इंच.
"कशाचं कव्हर हे?"
म्हटलं, माझ्या पाठीचं.
तो हसला नाही. कडा घासल्या,
अंगठा फिरवून बघितला, पुन्हा घासल्या.
"आता यावर निजला तरी कापायचं नाही, बघा."

बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या जाकिटांतून नदीत उतरले.
पहिलं साळुंखे सरांचं, खांदे त्यांचे, पोट त्यांचं,
आत मी, पोत्यात घातलेल्या मांजरासारखी.
हवा भरली की बरगड्या आवळायच्या,
जाकीट वर सरकून कानाशी यायचं,
कमरेचं शिसं खाली ओढायचं,
आणि जॅकवेलच्या जाळीतलं केंदाळ उपसताना
माझे लोंबते पाय तळाचा गाळ ढवळायचे.
बॅटरीचा उजेड चहा होऊन जायचा.
मग सगळं हातांनीच.
कृष्णा मला चाचपूनच माहीत आहे.

पट्टी एकच असते. सलग.
उजव्या खांद्यावरून, काखेखालून, कमरेला वळसा,
डावीकडून तशीच; एक तुकडा पायांमधून.
रात्री जेवणं झाल्यावर सतरंजीवर पसरून बसले.
आई म्हणाली, "बैल जुपायचाय का कुठं?"
मग स्वतःच पुढं येऊन पट्टी धरली,
"हितं दोन बोटं सैल ठेव. थंडीत कपडा जाड असतोय."
तीनदा मोजलं. कात्री उचलली, ठेवली.
शाळेच्या गणवेशातसुद्धा
दोन वर्षांची वाढ धरलेली असायची.
लायटरनं टोकं वितळवली,
घरभर जळक्या नायलॉनचा वास.

आण्णा सांगलवाडीच्या धक्क्याला नाव लावायचे.
त्यांनी डालड्याचा डबा डाख देऊन बंद केला
आणि माझ्या पाठीला बांधला सुंभानं.
पाच किलोचा. मग दोनाचा. मग एकाचा.
एका सकाळी नुसतं सुंभच बांधलं, डबा नाही,
हे मला पैलतीराला कळलं.
हवा पाठीला पाहिजे, म्हणायचे, पोटाला नको,
पोट पाण्याचं पाण्याला द्यावं.
पुण्याहून कुरिअरनं आलेल्या खोक्यात
घडी घातलेली काळी पिशवी होती, टायरच्या ट्यूबसारखी गोल.
फुंकून बघितली.
डबाच की हा, आण्णा, फक्त महाग.

मार्चमधलं पाणी. अभिनंदन चौगुले नावेत, हातात दोर.
वर तरंगताना पिशवीनं मला तोंडावर ढकललं.
"ताई, पालथ्या पडताय!"
कुणी सांगितलं नव्हतं हे. चूळभर नदी पोटात गेली.
मग आपोआप मागं रेलले, खाटेवर रेलावं तशी,
तर वर आयर्विन पुलाची कमान, आणि तिच्या पोटातली पाकोळ्यांची घरटी.

खाली गेले.
पत्र्याचं वजन मणक्याशी, शिसं निम्म्यानं कमी,
आडवी. नुसती आडवी,
तळापासून हातभर वर,
पाय मागं, कुणाला न लागणारे.
थांबले तर थांबता आलं.

गाळ तसाच होता. न उठलेला.
त्यावर एक रेघ, बोटानं ओढल्यासारखी,
वळत वळत जाऊन एका शिंपल्यापाशी संपलेली.
रात्रभरात तो वीतभर चालला असेल.
असे किती जण माझ्या पायांखाली
बारा वर्षं परत पहिल्यापासून चालायला लागले असतील, कोण जाणे.

दोराला एक हिसका आला: बरी आहेस?
लगेच उत्तर द्यायचा नियम आहे.
शिंपला थोडा हलला, असं वाटलं.
दुसरा हिसका आला, जरा घाबरलेला.
मी एकदा ओढलं.

गळ्याच्या हाडावर पट्टी काचली होती, लाल.
दोन बोटं नाही, तीन ठेवायला हवी होती.